नाव तुमचंच टाका, ताई

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "देवरेसाहेब, दिवाळी अंक आहे. जरा हलकंफुलकं लिहा. कारखान्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हाच्या गमतीजमती वगैरे." मी हो म्हणालो आणि लिहायला बसलो. दोन गमती लिहून झाल्या. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं हा नियम मोडला म्हणून एका जनरल मॅनेजरला शिपायाने दारात अडवलं होतं, ही पहिली. माउस चोरीला जाऊ नये म्हणून आमचे एक अधिकारी तो रोज कपाटात ठेवून कुलूप लावत, ही दुसरी. तिसऱ्या गमतीशी आलो आणि माझं डोकं तापलं. कारण ती गंमत नव्हतीच. त्या प्रकरणाला आता बरीच वर्षं झाली, मी निवृत्त झालो, गोदाकाठी सकाळी फिरायला जातो, रक्तदाबाची गोळी घेतो, तरी तो विषय निघाला की माझा आवाज चढतो. तेव्हा हलकंफुलकं वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत असं म्हणतात. मी आज मोजणार आहे. फक्त घराचं नाव सांगणार नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला एक मोठा कारखाना, मोठाले पंप बनवणारा, एवढंच पुरे. मी तिथे संगणक विभागाचा प्रमुख होतो. विभाग म्हणजे सुरुवातीला एक वातानुकूलित खोली, चार खुर्च्या आणि पगारपत्रकं छापणारा एक प्रिंटर. तो सुरू झाला की शेजारच्या अकाउंट्समध्ये लोक फोनवर ओरडून बोलायचे.

सुनंदा पगार आमच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर होती. ट्रेसर म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. इंजिनिअर पेन्सिलीने नकाशा काढायचा, त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवून ट्रेसर तो शाईने गिरवायची. रेघ चुकली तर ब्लेडने शाई अशी खरवडायची की खाली कागदाला इजा होता कामा नये. या कामात सुनंदाताईंचा हात फार स्वच्छ होता. मूळच्या कळवणच्या, सासर नाशिकरोडचं, नवरा तिथल्या नोटांच्या प्रेसमध्ये कामाला. मी सटाण्याकडचा, त्यामुळे आसपास कोणी नसलं की आम्ही आमच्या अहिराणीत बोलायचो. चारचौघांत त्या मला साहेब म्हणत, एरवी भाऊ.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कंपनीने ठरवलं की आता ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायची. त्यासाठी एका परदेशी कंपनीचा प्रोग्रॅम घेतला. फार महाग. किती महाग ते सांगत नाही, पण तो मंजूर करताना एमडीसाहेबांचा हात सहीच्या जागेवर बराच वेळ घुटमळत होता हे मी पाहिलं आहे. त्या काळी अशा प्रोग्रॅमबरोबर एक कुलूप यायचं. काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी. प्रिंटरची वायर कॉम्प्युटरला मागे जिथे लावतात तिथे ती लावायची. ती असेल तर प्रोग्रॅम चालणार, नसेल तर नाही. जेवढे प्रोग्रॅम विकत घेतले तेवढ्या डब्या आल्या. त्यापेक्षा जास्त जागी तो चालवणं आम्हाला ठरवूनही जमलं नसतं. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे मोठमोठ्या टायवाल्यांना ती लक्षात ठेवणं जमलं नाही.

ड्रॉइंगचं पहिलं यंत्र आलं ते नेमकं दसऱ्याच्या तोंडावर. आमच्याकडे खंडेनवमीला प्रत्येक यंत्राची पूजा होते. लेथला हार, क्रेनला हार, डिस्पॅचच्या वजनकाट्याला हार, कॅन्टीनच्या कणीक मळायच्या यंत्रालाही हार. मग एवढ्या मोलाचा कॉम्प्युटर तसाच कसा सुरू करणार? एमडीसाहेब म्हणाले, "शुभारंभ सुवासिनीच्या हातून करा." तेव्हा त्या मजल्यावर बाई एकच, सुनंदाताई. त्यांनी बिचाऱ्यांनी घरून तबक आणलं, निरांजन आणलं. पडद्याला कुंकू लावलं, कीबोर्डवर अक्षता टाकल्या. त्यातल्या दोन आत अडकल्या आणि नंतर वर्षभर एक बटण कुरकुरत होतं.

डीलरकडून प्रोग्रॅम चढवायला एक इंजिनिअर आला होता. पराग नाव. त्र्यंबकेश्वरचा, वडिलांचं देवळाजवळ पूजासाहित्याचं दुकान. हुशार आणि बोलघेवडा पोरगा. त्याने डिस्का घातल्या आणि शेवटच्या पायरीवर थांबला. पडद्यावर चौकट आली होती : वापरणाऱ्याचं नाव. पराग म्हणाला, "इथे काय टाकू?"

कोणी म्हणालं कंपनीचं टाक. पराग म्हणाला, कंपनीसाठी खाली वेगळी चौकट आहे, ही माणसाच्या नावाची. सगळ्यांनी एमडीसाहेबांकडे पाहिलं. एमडीसाहेब हसून म्हणाले, "अहो, पूजा कोणी केली? नाव तुमचंच टाका, ताई. शुभ असतं."

सुनंदाताईंनी एकेक अक्षर शोधत आपलं नाव टाकलं. टाळ्या झाल्या. पेढे वाटले. परागने दोन खाल्ले. त्या दिवशी संध्याकाळी सुनंदाताईंनी फोन करून कळवणला आईला सांगितलं की आमच्या कारखान्याच्या कॉम्प्युटरवर माझं नाव येतं. प्रोग्रॅम सुरू केला की आधी पडद्यावर ते नाव यायचं, मग काम सुरू व्हायचं. एवढं कौतुक त्या बाईच्या वाट्याला त्या कारखान्यात ना आधी आलं होतं, ना नंतर.

पुढच्या काही वर्षांत कॉम्प्युटर वाढले. टाइम ऑफिसला आला, कॅन्टीनच्या कुपनांसाठी आला, गेटवर आला, डिस्पॅचला आला. सगळे त्याच डीलरकडून, आणि चालू करून द्यायला पराग. प्रत्येक यंत्रावर एकेक प्रोग्रॅम चढवत बसायचं तर आठवडा जातो. म्हणून हे लोक एक युक्ती करत. एक यंत्र नीट तयार करायचं आणि त्याची अख्खी नक्कल एका डिस्कवर घ्यायची. तिला म्हणायचे मास्टर डिस्क. मग नवीन यंत्र आलं की ती लावायची, चहा प्यायचा, परत येईपर्यंत यंत्र तयार. पराग मास्टर डिस्क करायला बसला तेव्हा त्याने कुठलं यंत्र घेतलं? पूजेचं. का? तर ते कधी बंद पडलं नव्हतं. "ताईंचा हात लागलाय साहेब, हेच घेऊ," असं तो मला म्हणाला होता आणि मी हसलो होतो.

झालं असं की नकाशे काढायचा तो महागडा प्रोग्रॅम गेटवरही गेला आणि कॅन्टीनमध्येही गेला. तिथे त्याचा उपयोग शून्य. कुलपाची डबी नाही, त्यामुळे तो चालायचाही नाही. चुकून कोणी त्याच्या चित्रावर माउस दाबला तर पडद्यावर सुनंदा पगार असं नाव यायचं, मग टुण्ण आवाज होऊन कुलूप सापडत नाही असा निरोप यायचा, आणि संपलं. उपम्याचं कुपन देताना बटण चुकलं की कॅन्टीनवाले म्हणायचे, "ताई आल्या." याच्यात काही पाप आहे असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता लायसन्स म्हणजे काय ते सांगतो, कारण बाहेरच्यांना ते कळत नाही आणि कळलं की राग येतो. लग्नात आपण मांडववाल्याकडून भाड्याने पातेली आणतो. भाडं देतो, परत करतो, व्यवहार स्वच्छ. या धंद्यात पातेल्याची पूर्ण किंमत मोजायची, तरी पातेलं तुमचं नाही. तुम्ही विकत घेतली ती फक्त पातेलं वापरायची परवानगी. आणि विकणारा कधीही तुमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणू शकतो, की दाखवा पाहू, कोणाकोणाला वाढलंत? हे सगळं करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि कोणीही ते वाचत नाही. आमच्या खरेदी खात्यानेही वाचलं नव्हतं.

दोन हजार साल उलटल्यावर एक दिवस मुंबईहून त्या परदेशी कंपनीचे लोक आले. प्रमुख होते बक्षी नावाचे एक गृहस्थ. गोड बोलणं, उंची अत्तर, प्रत्येक वाक्यात 'पार्टनर'. "देवरेजी, हम तो पार्टनर हैं, बस थोड़ा ऑडिट करना है." त्यांच्याबरोबर दोन हिशेबनीस मुलं आणि एक तांत्रिक माणूस. तो तांत्रिक माणूस म्हणजे आपला पराग! डीलर सोडून तो थेट त्यांच्या पुण्याच्या कचेरीत लागला होता. आता त्याला टाय होता. मला पाहून त्याने मान डोलावली आणि लगेच नजर फिरवली. त्याच क्षणी मला कळायला हवं होतं.

ते यंत्रायंत्रावरून फिरले. एक छोटा प्रोग्रॅम टाकायचे, तो आतलं सगळं शोधून काढायचा. तिसऱ्या दिवशी बैठक झाली. बक्षींचा गोडवा कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी सांगितलं की तुमच्या कारखान्यात आमच्या प्रोग्रॅमच्या ढीगभर बेकायदा प्रती आहेत आणि त्या सगळ्या एकाच व्यक्तीच्या नावावर आहेत. सुनंदा पगार. ही व्यक्ती कोण? हा फौजदारी गुन्हा आहे. पोलिसात जावं लागेल. नाहीतर सगळ्या प्रतींची किंमत आणि वर दंड भरा आणि आमची नवी आवृत्ती सगळीकडे घ्या.

मी म्हणालो, "कुलपाशिवाय तुमचा प्रोग्रॅम चालत नाही. मग चोरी कसली?"

"प्रत केली हाच भंग आहे," बक्षी म्हणाले. "चालते की नाही याचा संबंध नाही."

मी त्यांना म्हणालो, चला माझ्याबरोबर. त्यांना गेटवर घेऊन गेलो. गेटवर वॉचमन नामदेव गायकर होते, पेठकडचे, रात्रंदिवस तिथेच असलेले. मी बक्षींना म्हणालो, बसा खुर्चीवर आणि चालवून दाखवा तुमचा चोरलेला माल. त्यांनी स्वतः बटण दाबलं. सुनंदा पगार. टुण्ण. बंद. परत दाबलं. परत टुण्ण.

नामदेव म्हणाले, "साहेब, लय वर्सं झाली, ह्यो डबा असाच करतो. ताईचं नाव येतं अन् टुण करतो. त्याच्यापुढं काय नाय. म्या म्हनलं, काय देवाचं आसंल."

हिशेबनीस पोरं हसली. बक्षी हसले नाहीत. बाहेर येताना मी परागला बाजूला घेतलं. विचारलं, "ही डिस्क कोणी केली? तू केलीस ना?" तो म्हणाला, "मला आठवत नाही सर. किती कारखाने केले आम्ही." ज्याने पूजेच्या यंत्राजवळ उभं राहून दोन पेढे खाल्ले, त्याला आठवत नव्हतं! मला तिथे त्याची गचांडी धरावीशी वाटली. धरली नाही, याचा अजूनही पस्तावा होतो.

पण खरं सांगायचं तर बक्षीवर माझा तेवढा राग नाही. तो विकायला आला होता. चोर म्हणून दम द्यायचा आणि मग नवा माल गळ्यात मारायचा हा त्याचा धंदाच होता. माझा राग आपल्या माणसांवर आहे. एमडीसाहेबांनी मुंबईहून वकील बोलावला. वकील काचेच्या खोलीत बसला, लिंबू सरबत प्यायला आणि त्याने तोडगा काढला. तोडगा असा, की कंपनीला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका कर्मचारी बाईने परवानगीशिवाय, स्वतःच्या मनाने, स्वतःच्या नावाने या प्रती केल्या. तिच्याकडून तसं लिहून घ्यायचं, तिला कामावरून काढायचं. म्हणजे डायरेक्टर सुटले, आणि समोरच्यांचा जोरही कमी झाला.

मी एमडीसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दार न वाजवता गेलो. म्हणालो, "साहेब, विभागप्रमुख मी आहे. नाव घालायचं तर माझं घाला."

ते शांतपणे म्हणाले, "देवरे, तुम्ही ऑफिसर. तुमचं नाव म्हणजे कंपनीचं नाव झालं. ती स्टाफ आहे."

"पण साहेब, ते नाव टाकायला तुम्हीच सांगितलं होतं. मी तिथे उभा होतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पूजेच्या दिवशी माणूस काहीबाही बोलतो. ते काय ऑफिसचं काम होतं?"

हे वाक्य मी विसरणार नाही. तबक, निरांजन, सुवासिनी, शुभारंभ हे सगळं करून घेताना ते ऑफिसचं काम होतं. निस्तरायची वेळ आली तेव्हा ते काहीबाही झालं. घेताना ताई, देताना स्टाफ.

पर्सोनेल मॅनेजरने सुनंदाताईंना बोलावून टाइप केलेला कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, घरी विचारून सांगते. तिथून त्या थेट माझ्याकडे आल्या. खोलीत बाकी कोणी नव्हतं. 

"भाऊ, हाई काय शे? मन्हं नाव कसाले?"

माझं नाव कशाला, एवढंच त्या विचारत होत्या.  मग त्या खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "ह्यांच्या प्रेसमध्ये आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. एवढी वर्षं त्यांनी डबासुद्धा उघडून दाखवला, कधी तोंड वाकडं केलं नाही. आणि आता त्यांच्या बायकोच्या नावावर चोरी? मुलीचं लग्न ठरायचंय. नोकरी गेली तर एकवेळ चालेल भाऊ. पण चोर म्हणून गेली तर?"

मी म्हणालो, "सही करू नका. काहीही झालं तरी करू नका."

"ते म्हणतात, सही नाही केली तर पोलीस घरी येतील."

"येऊ द्या. आधी माझ्या घरी येतील."

हे मी मोठ्या तोऱ्यात बोललो खरा, पण पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. शेवटची बैठक दुसऱ्या दिवशी दुपारी होती. सकाळी मी ड्रॉइंग ऑफिसमधल्या त्या पहिल्या पूजेच्या यंत्रासमोर बसलो. ते जुनं झालं होतं, पण चालू होतं. कीबोर्डच्या फटीत अजून कुंकू होतं. उगाच आतल्या फायली चाळत होतो. फायली ठेवायला त्यात कप्पे असतात, त्यांना फोल्डर म्हणतात. तर एकदम वर एक रिकामा फोल्डर दिसला. नाव : त्र्यंबक.

तो मी आधी शंभरदा पाहिला असेल. आपण वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहितो, तसं परागचं होतं. कुठलंही नवीन यंत्र हातात आलं की आधी एक रिकामा फोल्डर करायचा, त्याला त्र्यंबक नाव द्यायचं, आणि मग कामाला लागायचं. मी एकदा त्याला विचारलंही होतं. तो म्हणाला होता, "साहेब, आमच्या गावचा राजा आहे तो. त्याला पहिली जागा दिल्याशिवाय माझा हातच चालत नाही." मी उठून टाइम ऑफिसमध्ये गेलो. त्र्यंबक. कॅन्टीनमध्ये गेलो. त्र्यंबक. गेटवर गेलो, नामदेवांना उठवून त्यांच्या खुर्चीवर बसलो. तिथेही पहिल्या जागी त्र्यंबक.

दुपारी बैठक भरली. एका बाजूला बक्षी आणि मंडळी, दुसऱ्या बाजूला एमडीसाहेब, वकील, पर्सोनेल आणि मी. सुनंदाताईंना भिंतीजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं, टेबलाशी नाही. वकिलाने तो कागद काढला आणि सुरुवात केली की आमच्या कंपनीने दोषी व्यक्ती शोधली आहे. मी त्याला मध्येच थांबवलं. म्हणालो, आधी परागला एक विचारू द्या.

"पराग, तुझा लॅपटॉप उघड. सगळ्यांना दिसू दे."

तो बक्षींकडे बघायला लागला. बक्षी म्हणाले, याची काय गरज? मी म्हणालो, तीन दिवस आमची यंत्रं उघडून पाहिलीत, एक तुमचं आम्ही पाहिलं तर बिघडलं कुठे?  परागने लॅपटॉप उघडला. पहिल्या जागी त्र्यंबक.

मी म्हणालो, "हाच फोल्डर आमच्या प्रत्येक यंत्रावर आहे. तरी या प्रती या बाईंनी केल्या असं म्हणायचं असेल तर म्हण. फक्त त्र्यंबकराजाची शपथ घेऊन म्हण."

 वकिलाला काय चाललंय ते कळत नव्हतं, त्याला त्र्यंबक हे कोणाचं तरी आडनाव वाटलं असावं. परागचा चेहरा उतरला. त्याने एकदा सुनंदाताईंकडे पाहिलं. त्या त्याच्याकडेच बघत होत्या, रागाने नाही, वाट बघितल्यासारख्या. मग त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "डिस्क मीच केली. सगळ्या यंत्रांवर मीच चढवली. ताईंनी फक्त पूजा केली होती."

त्यानंतरचं सगळं फार लवकर झालं. मी बक्षींना म्हणालो, तुमच्याच माणसाने, तुमच्याच डीलरच्या नोकरीत असताना केलेली प्रत, आणि तुम्ही आम्हाला चोर म्हणता? आता वकिलालाही एकदम कंठ फुटला. पोलीस, फौजदारी, दंड ही भाषा संपली. बक्षी पुन्हा पार्टनर म्हणायला लागले. ड्रॉइंग ऑफिससाठी नवी आवृत्ती आम्ही थोडी घासाघीस करून घेतली. बाकी यंत्रांवरून तो प्रोग्रॅम पुसून टाकला. पुसायच्या दिवशी नामदेव म्हणाले, "आता ताई येत नाय का?" मी म्हणालो, नाही येणार.

एमडीसाहेबांनी माझं कौतुक केलं. संचालकांच्या बैठकीत म्हणे माझं नाव घेतलं गेलं. आणि सुनंदाताई? कोणी माफी मागितली नाही. एक शब्द नाही. उलट महिन्याभरात त्यांची स्टोअरमध्ये बदली झाली. विचारलं तर उत्तर मिळालं, "त्यांच्याच सोयीसाठी. कॉम्प्युटरपासून लांब राहिलेलं बरं." ज्या हाताने ब्लेडने रेघ खरवडताना कागदाला इजा होऊ दिली नाही, तो हात नट-बोल्टच्या पेट्यांवर लेबलं चिकटवायला लागला. मी भांडलो. वरपर्यंत गेलो. एमडीसाहेब म्हणाले, "देवरे, नोकरी वाचली ना तिची? अजून काय पाहिजे?" जणू काही तिची नोकरी दुसऱ्याच कोणी घालवायला काढली होती.

परागलाही त्याच्या कंपनीने काही महिन्यांत काढलं. पुढे एकदा त्र्यंबकला गेलो तेव्हा तो वडिलांच्या दुकानात बेलाच्या पानांच्या जुड्या बांधत बसला होता. मला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि विचारलं, "खरं बोललो साहेब. मला काय मिळालं?" मी चहा पीत राहिलो. त्याच्यावर अजून राग होता आणि त्याच्यासाठीही राग येत होता. 

दोन-तीन वर्षांनी कंपनीने मोठा सर्व्हर घेतला. सगळ्या कारखान्याचा कारभार आता एकाच यंत्रावर चालणार होता. आणि तो आला केव्हा? दसऱ्याच्या तोंडावर. नवीन काचेची खोली, हार, तोरण, फोटोग्राफर. तोवर कंपनीत मुली पुष्कळ झाल्या होत्या, इंजिनिअरसुद्धा. पण एमडीसाहेबांना एकदम आठवण झाली. "ती पहिली पूजा कोणी केली होती? पगार ना? चांगला पायगुण होता बाईचा. स्टोअरमधून बोलवा त्यांना."

मला वाटलं त्या येणार नाहीत. येऊ नयेत असंच वाटत होतं. पण आल्या. हिरवी साडी, हातात तेच तबक, तेच निरांजन. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत आल्या, सर्व्हरला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. या वेळी कीबोर्ड बाजूला सरकवून मग वाहिल्या. टाळ्या झाल्या. पेढ्यांचा खोका फिरला. नवीन कंपनीचा नवा इंजिनिअर शेवटच्या पायरीवर थांबला आणि म्हणाला, "इथे जबाबदार व्यक्तीचं नाव टाकायचंय. कोणाचं टाकू?"

सगळे हसत सुनंदाताईंकडे पाहायला लागले. एमडीसाहेबांनी तोंड उघडलं होतं. त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत सुनंदाताईंनी कीबोर्ड उचलला, टेबलावरून वळसा घालून त्यांच्यापुढे नेऊन ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाव तुमचंच टाका, साहेब. शुभ असतं."

फोटोग्राफर कॅमेरा रोखून उभा होता. पर्सोनेल मॅनेजर नारळाचे तुकडे निरखायला लागला. वकील त्या दिवशी नव्हता. एमडीसाहेबांनी एक बोट कीबोर्डवर ठेवलं, उचललं, परत ठेवलं, आणि मग म्हणाले की एक मिनिट हं, आणि खिशात चष्मा शोधायला लागले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.